मागच्या डाव्या चाकाचे नट

बाबांचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले. चाळिशी उलटली होती. लग्न मोडून माहेरी परतले होते, शिवणकाम करत होते; दिवस मोडला तरी विचारणारं कुणी नव्हतं. आमचं गाव काशीदच्या आत, डोंगराच्या अंगाला. तिथून अलिबागला मंगळवारी आणि शुक्रवारी, आठवड्यातून दोनदा जायचं. गाडी धाकट्या भावाची. तो कामाला आखातात गेला आणि जाताना चावी माझ्या हातात देऊन गेला.

ही गाडी त्याने हौसेने सजवली होती. मूळची चाकं काढून एका मोठ्या गाडीची रुंद, चकचकीत चाकं तिला बसवली होती. त्या चाकांची भोकं आमच्या गाडीला जुळत नव्हती, म्हणून मध्ये लोखंडाची एकेक जाड चकती घातली होती. तिला अडॅप्टर म्हणतात. चकती गाडीला बसते आणि चाक चकतीवरच्या स्टडांना, म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांना. म्हणजे चाक धरून ठेवणारे स्टड गाडी बनवणाऱ्याचे नव्हतेच. हे मला माहीत होतं. भावाने एकदा अंगणात बसून दाखवलंही होतं. मी तेव्हा ब्लाउजला हुक लावत होते आणि हं हं म्हणत होते.

खाऱ्या हवेने दोन वर्षांत मागच्या डाव्या चाकाचे नट गंजले. पंक्चर काढताना पाना घसरायला लागला, कोपरे झिजून नट गोल झाले. पंक्चरवाला म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी हे निघणार न्हाईत. नवीन घ्या."

पुढच्या शुक्रवारी बाबांना मशीनवर झोपवलं आणि मी अलिबागच्या बाजारात गेले. दुकानात गर्दी होती. मी गाडीचं नाव सांगितलं. दुकानदाराने डबा काढता काढता विचारलं, "चाकं कंपनीचीच आहेत ना?"

मी "हो" म्हणाले.

का म्हणाले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खोटं बोलायचं मनात नव्हतं. बाबांचे चार तास भरत आले होते, अडॅप्टर नीट समजावून सांगायचं तर मलाच ते नीट समजलेलं नव्हतं, आणि मागे उभी असलेली माणसं माझ्याकडे बघत होती. त्याने पुडी बांधली. मी ती घेऊन निघाले.

नट बसवले आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने. दोन-तीन फेरे हाताने गेले, मग अडकले. तो लांब पाना लावून त्यावर उभा राहिला. "जड जातायत ओ," तो म्हणाला.

"गंज असेल स्टडवर," मी म्हणाले. तोही मान हलवून पुन्हा पान्यावर उभा राहिला. पाचही नट असे जाम बसले की मला वाटलं, आता हे चाक जन्मात हलायचं नाही.

दोन आठवडे काही झालं नाही.

त्या मंगळवारी आम्ही सकाळी आठला निघालो. बाबा माझ्या बाजूला पुढे बसले होते. त्यांनी तीस वर्षं गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवला होता. डोळ्यांना कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. साळावच्या पुलावर ते म्हणाले, "आवाज येतोय गं."

"कसला?"

"मागून. टक, टक. चाक हलतंय कुठलंतरी."

मी काच खाली केली. ऐकू आला मलाही. वाटलं, पुलाच्या सांध्यांचा असेल. पूल संपला तरी तो आला, उलट वाढला. "थांबव," बाबा म्हणाले. मी म्हणाले, "बाबा, आधीच उशीर झालाय. अलिबागला पोचलो की दाखवते."

रेवदंड्यात शिरल्यावर रस्त्याच्या कडेला मासळी वाळत घातलेली होती. बायका वाकून मासे परतत होत्या. माझा वेगही फार नव्हता. एकदम गाडीचा मागचा कोपरा खाली बसला आणि लोखंड रस्त्यावर घासत गेल्याचा असा आवाज झाला की माझे हात सुटले. बाबा खिडकीबाहेर बघत होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, आपलं चाक पुढे गेलं."

ते चाक आमच्या शेजारून पुढे गेलं, कडेला उतरलं आणि पाठमोऱ्या वाकलेल्या एका बाईला मांडीवर लागलं. ती जागच्या जागी बसल्यासारखी खाली गेली. मग ओरडली.

मी धावले. बाई पन्नाशीची असेल, कोळीण. पाय भलत्याच दिशेला वळला होता. तिच्या अंगाखाली वाळत घातलेले बोंबील चिरडले होते आणि ती हाताने तेच बाजूला सारत होती. बायका माझ्यावर धावून आल्या. एकीने माझा दंड धरून हलवलं, "गाडी चालवतं का काय करतं गं तू?" एका टेम्पोवाल्याने तिला फळीवर घेतलं आणि अलिबागला नेलं. बाबा गाडीतून उतरून कडेला उभे होते, हात जोडून. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं, तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

पोलीस आले, पंचनामा झाला. हवालदारांनी विचारलं, चाकाचं काम कुणी केलं? मी गॅरेजवाल्याचं नाव सांगितलं नाही. म्हणाले, नट मी आणले, चुकीचे आणले. त्यांनी वर बघितलं. "ताई, असं लिहून घेऊ?" मी म्हणाले, घ्या. बाबांचं त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी रिक्षाने नेलं तेव्हा त्यांचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

गाडी तपासणीसाठी आठ-दहा दिवस पोलिसांकडे राहिली. तेवढे दिवस रिक्षा. आमच्या रस्त्याने दीड-दोन तास आदळत जायचं आणि डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेल्या माणसाला तसंच आदळत आणायचं. एकदा चौलजवळ बाबांची मान माझ्या खांद्यावर पडली, ती बराच वेळ उठली नाही. रिक्षावाल्याने त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. त्या दिवशी मी ठरवलं की गाडी परत येईल तेव्हा बरोबर नट माझ्या हातात पाहिजेत.

भावाला फोन केला. तो आधी रडला, मग चिडला. "ताई, मी तुला सांगितलं होतं, अडॅप्टरचे नट वेगळे लागतात."

"मूळची चाकं कुठे आहेत?"

"दिली कुणालातरी. आता कुठे शोधू?"

"मग कसले नट लागतात ते तरी सांग."

तो मग म्हणाला, "अडॅप्टरच्या डब्यातच आले होते. मी कधी मोजमाप नाही बघितलं."

अपघाताच्या जागी मला एक तुटका स्टड आणि एक नट सापडले होते. पोलिसांना दाखवून, विचारून ते मी ठेवून घेतले होते. ते पिशवीत घालून मी दुकानं फिरले. अलिबागला एकाने नट वर-खाली फेकून झेलला आणि म्हणाला, बारा मिलिमीटरचा आहे, सगळे बाराचेच असतात. दुसऱ्याने तसाच एक काढून दिला. मी तो तिथेच स्टडवर फिरवला. तीन फेरे गेला आणि अडकला. मी परत केला. तो म्हणाला, "पाना लावला की जाईल मॅडम." मी दुकानाच्या पायरीवर बसले.

शेवटी कुणीतरी मला मुरुडच्या एका लेथवाल्या चाचांकडे पाठवलं. म्हातारे, दाढी पांढरी, चष्म्याला दोरा. त्यांनी स्टड हातात घेतला, खिशातून दातेरी पात्यांची एक छोटी पट्टी काढली आणि एकेक पातं स्टडच्या आट्यांवर टेकवून उजेडात धरलं. मग तेच नटाच्या आत केलं.

"बेटी, हे बघ," ते म्हणाले. "जाडी दोघांची एकच. पण स्टडचे आटे बारीक आहेत, नटाचे मोठे. दोन-तीन फेरे एकमेकांना फसवतात. मग अडकतात. त्यावर जोर दिला की नटाचे आटे कापले जातात. तुला वाटतं घट्ट बसलं. ते बसलेलं नसतं, फसलेलं असतं."

मग त्यांनी नट उलटा केला. त्याचं टोक गोलसर होतं. माझ्या चाकाचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघितला. "आणि ह्या चाकाची भोकं निमुळती. त्यात गोल टोक टेकणार कसं? कडेवर टेकलंय फक्त. आटे बरोबर असते तरी हा ढिलाच झाला असता."

"चाचा, माझ्यामुळे एका बाईचा पाय मोडला."

त्यांनी पट्टी मिटली. "मालूम है," ते म्हणाले. "मुरुडपर्यंत आलंय ते." दिलासा वगैरे दिला नाही. कागदावर आट्यांचं माप लिहिलं, खाली नटाच्या टोकाचं चित्र काढलं. "मी म्हणेन, ह्या चकत्याच काढ. गाडीची चाकं गाडीला लाव. पण तोवर चालवायचीच असेल तर हे पनवेलला मिळेल. हाताने सात-आठ फेरे गेला तरच घे. आणि पन्नास किलोमीटर झाले की परत आवळ."

मी पनवेलला गेले. तिसऱ्या दुकानात मिळाले. मी स्टड काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "चाकं मूळची नाहीत, अडॅप्टर आहे, हे माप." नट बोटांनी फिरवला तर तो शेवटपर्यंत पाण्यासारखा गेला. मी तिथेच रडायला लागले. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं भाव जास्त झाला.

गाडी सुटली, नवा स्टड आणि नवे नट बसले. मीच समोर बसून एकेक आवळून घेतला. चारही चाकांचे. मग पहिल्या मंगळवारी निघालो तेव्हा बाबा म्हणाले, "रेवदंड्याला थांब. तिच्या घरी जायचंय."

मांडीत सळई घालून ती घरी आली होती. खाटेवर होती. बाबा दारातच हात जोडून उभे राहिले. सून पाणी द्यायला आली नाही. मी जे घडलं ते सांगितलं, दुकानातल्या माझ्या त्या उत्तरासकट. ती ऐकत राहिली.

"तुजा बाप आजारी हाय व्हय?" तिने विचारलं. बाबांच्या दंडावरच्या, सुया टोचून फुगलेल्या शिरेकडे ती बघत होती.

"हो. किडनी."

"मंग जा. उशीर व्हल त्याला." आणि आम्ही वळलो तेव्हा मागून म्हणाली, "मना आता वाकता येनार न्हाय, डाक्तर सांगला. ती मासली कोन परतंल?"

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. गाडीत बसल्यावर अलिबाग येईपर्यंत मी सारखी मागे कान देत होते.

पोलीस केस झाली, कोर्टात मी गुन्हा कबूल केला. भावाने पुढे मूळच्या मापाची चाकं शोधून पाठवली आणि अडॅप्टर निघाले. बाबा त्यानंतर सव्वा वर्ष जगले. ते गेले घरीच, दुपारी, झोपेत. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावाने वंदना आणि जेवण असतं त्या दिवशी गाव जमलं होतं. ती बाई काठी टेकत आली. कुणाच्या टेम्पोतून आली होती. मी खुर्ची दिली. ती बराच वेळ बसली, जेवली आणि गेली.

आता ती रेवदंड्याच्या बाजारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सुकी मासळी विकते. बाकीच्या बायका खाली बसतात, ती एकटीच उंच दिसते. मी कधी कधी सुकट घेते तिच्याकडून. ती तोलून देते, मी पिशवीत टाकते. मागच्या महिन्यात तिने पहिल्यांदा विचारलं, "अजून चालवतंस गाडी?"

"चालवते," मी म्हणाले.

ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.