चार हॉटेलं आणि बाबांचं पोहणं

आमच्या वेस्ट विंडसरमध्ये स्प्रिंग ब्रेकला कोण कुठे जातं यावरून त्याच्या पासपोर्टची अवस्था कळते. ग्रीन कार्डवाले मेक्सिकोच्या रिसॉर्टात आठवडाभर लोळतात. सिटिझन झालेले कुठल्या तरी बेटावर जाऊन पायांचे फोटो टाकतात, मागे समुद्र. आणि आमच्यासारखे, ज्यांचा व्हिसाचा शिक्का संपलाय आणि नव्या शिक्क्याची अपॉइंटमेंट काही केल्या मिळत नाही, ते जातात पोर्तो रिकोला. बेट कॅरिबियन, पण अमेरिकेचंच. विमान डोमेस्टिक. परत येताना ‘तुम्ही इथं नक्की काय काम करता’ असं विचारणारा माणूस काचेमागे बसलेला नसतो.

यंदा मात्र जायचं कारण बाबा होते. ते ऑक्टोबरमध्ये नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. आई आली नाही. तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं म्हणजे तिला बाबांपासून सहा महिने सुट्टी हवी होती आणि त्याबद्दल मी तिला अजिबात दोष देत नाही. फेब्रुवारीत एका रविवारी वांगी चिरता चिरता बाबा एकदम म्हणाले, “मले पोहाले शिकाचं आहे.”

मी हसले. “आता? एकाहत्तराव्या वर्षी?”

“मंग कधी? ब्याऐंशीव्या?”

बाबांचं गाव भंडाऱ्याकडचं. तिकडं गावागणिक तलाव. गावातली झाडून सगळी पोरं त्या तलावात पोहायला शिकली, फक्त आमच्या वस्तीतली नाही. आम्हाला पाण्यात उतरायची बंदी होती. कुणी पाय जरी घातला तरी काठावरून ‘निघा रे पाण्यातून’ अशी आरोळी यायची. बाबा हे कधी गळा काढून सांगत नाहीत. “म्हशी डुंबत होत्या दिवसभर,” ते म्हणतात, “म्हशीले जात नसते.” पुढे ते शिकले आणि लागले कुठे, तर पाटबंधारे खात्यात. सगळी नोकरी त्यांनी धरणाच्या पाण्याची पातळी रजिस्टरमध्ये लिहिली आणि त्या पाण्यात घोट्याच्या वर कधी गेले नाहीत. नागपुरात शिकता आलं असतं, पण संसार, ओव्हरटाइम, मोर्चे, माझी कॉलेजची फी. राहून गेलं.

मला स्वतःचा भयंकर राग आला. बाबा याआधी दोनदा अमेरिकेत येऊन गेले होते. मी त्यांना नायगारा दाखवला, मॉल दाखवले, न्यूयॉर्कमध्ये चालवून चालवून त्यांच्या चपलेचा अंगठा तोडला. तुम्हाला काय हवंय, असं एकदाही विचारलं नाही. आता एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं, आणि आमच्या कॉलनीचा पूल उघडतो मे संपताना, गावातल्या बंद पुलाचे क्लास केव्हाच भरलेले. पुढच्या वर्षी त्यांना व्हिसा मिळेल की नाही, गुडघे साथ देतील की नाही, कुणी सांगावं? म्हणजे पोहणं व्हायचं तर स्प्रिंग ब्रेकच्या सहा दिवसांत, पोर्तो रिकोत.

मग मी हॉटेल शोधायला बसले. आपल्या लोकांची हॉटेल बुक करायची एक पद्धत आहे. आपण एक हॉटेल बुक करत नाही, चार करतो. चारही फ्री कॅन्सलेशनवाली. मग तीन आठवडे रिव्ह्यू वाचतो, खास करून आपल्या आडनावांचे, कारण ब्रेकफास्टला चहा कसला मिळतो हे फक्त तेच लिहितात. मग शेवटच्या तारखेला तीन रद्द करून एक ठेवतो. चार घरी मुलगी बघून चहा-पोहे खाऊन यावं तसला प्रकार. लाज कुणालाच वाटत नाही.

आम्हाला जायचं होतं लुकीयोला, बेटाच्या पूर्वेकडच्या एका बीचवाल्या गावात. माझी चार स्थळं अशी: एक, मोठा रिसॉर्ट, तीन पूल, त्यातला एक उतरणीचा, पायरी नाही, चालत चालत पाण्यात शिरायचं, वर मोठ्या माणसांसाठी रोज सकाळी पोहण्याचा क्लास. दोन, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याच्या लिफ्टबद्दल सगळे वाईट बोलत होते. तीन, सर्फिंग करणाऱ्या पोरांचं हॉस्टेल, जे मी कोणत्या मनःस्थितीत बुक केलं ते मला आठवत नाही. आणि चार, एका बेकरीच्या वरचं गेस्ट हाउस, तीन खोल्या, पूल नाही, रिव्ह्यूमध्ये कोंबड्याचा उल्लेख सहा वेळा.

रद्द करायच्या दिवशी मी ऑफिसच्या कॉलवर होते. मॅनेजर कुठल्या तरी रिलीजवरून बोंबलत होता आणि मी टेबलाखाली फोनवर कॅन्सल, कॅन्सल, कॅन्सल करत होते. झालं. निवांत झाले.

लुकीयोच्या रिसॉर्टच्या काउंटरवर कळलं की मी रिसॉर्ट कॅन्सल केलाय आणि कोंबडा ठेवलाय.

“मॅम, वी आर फुल्ली बुक्ड,” ती पोरगी गोड हसत म्हणाली. तिच्यामागे तो उतरणीचा पूल दिसत होता, निळाशार. त्यात एक टकला माणूस हातात ग्लास घेऊन नुसता उभा होता. माझ्या बाबांच्या जागी! मी भांडले, विनवण्या केल्या, मॅनेजरला बोलावलं. काही उपयोग झाला नाही. नवरा पुण्याचा. तो अशा वेळी आवाज न चढवता बोलतो, त्यानं तर माझं डोकंच फिरतं. “तू कन्फर्मेशन वाचलं नव्हतंस का?” तो म्हणाला. आमची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “मॉम, दॅट्स सो ऑन यू.” मी दोघांकडे असं पाहिलं की ते बॅगा ओढायला लागले.

गाडीत मला रडू आलं. बाबा मागून म्हणाले, “काऊन रडून राहिली? पूल नाही तं नाही. समुद्र आहे न समोर. त्याचं बी बुकिंग कॅन्सल केलं का?”

गेस्ट हाउस चालवणारी बाई बाबांच्याच वयाची होती. फुलाफुलांचा गाउन, लाल लिपस्टिक, आवाज बाजारातला. तिला इंग्रजी कामापुरतं, आम्हाला स्पॅनिश शून्य. मुलगी शाळेत शिकते, तेवढंच. त्या बाईनं बाबांना बघताक्षणी “मि आमोर” म्हणून हाक मारली आणि त्यांची बॅग उचलली. बाबांनी नातीला अर्थ विचारला. नात म्हणाली, “माय लव्ह.” बाबा म्हणाले, “आजीले सांगू नको.”

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं सूत्रं हातात घेतली. त्याला शाळेत असतानाच उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला घातलं होतं, त्याच्याकडे सगळ्यांनाच घालतात. त्यानं बाबांना कमरेइतक्या पाण्यात नेलं आणि श्वासाचं तंत्र, हाताचा कोन, पायांची गती असं व्याख्यान दिलं. पुणेकर माणूस पाण्यात सुद्धा प्रस्तावना करतो. चौथ्या मुद्द्यावर लाट आली, बाबांच्या नाकातोंडात पाणी गेलं, ते खोकत खोकत बाहेर आले आणि टॉवेल गुंडाळून बसले. “जमत नाही,” म्हणाले. “वय झालं.” बाबांच्या तोंडून मी हे दोन शब्द कधीच ऐकले नव्हते.

मग नवऱ्याची एक्सेल शीट बाहेर निघाली, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने केलेली. प्रेक्षणीय स्थळं! एल युंकेच्या जंगलात नेलं, बाबा म्हणाले, “हे तं मेळघाटच आहे, फक्त पार्किंगले जागा आहे.” बीचजवळच्या खाण्याच्या टपऱ्यांवर नेलं. पन्नासेक टपऱ्या एका ओळीत, तिथं कच्ची केळी तळून लसणासोबत कुटून त्याचा डोंगर करतात आणि वर डुकराचं मटण घालतात, मोफोंगो म्हणतात त्याला. आम्ही सावजी खाणारी माणसं. बाबांनी दोन डोंगर संपवले. नवरा शाकाहारी, खोलीतल्या इंडक्शनवर मेतकूट-भात. मग पुढच्या गावातली ती खाडी, जिथं अंधारात पाणी हलवलं की चमकतं. कयाकचं बुकिंग होतं. तिथं गेल्यावर कळलं की चांदणं असलं की काही म्हणजे काही दिसत नाही. “मी परवाच सांगतलं होतं न, आज पौर्णिमा आहे म्हणून,” बाबा म्हणाले. ते दर पौर्णिमेला उपोसथ धरतात. त्यांनी सांगितलं होतं हे खरं. आम्हाला वाटलं होतं, ते जेवत नाहीत एवढंच सांगताहेत.

आणि या सगळ्या भानगडीत तीन दिवस गेले, आणि बाबा पाण्याचं नावही काढेनात. बीचवर गेलो की चपला सांभाळत बसायचे. मी म्हणायचे, चला ना. ते म्हणायचे, तुम्ही जा, मी पाहतो. रिसॉर्टमध्ये असतो तर एव्हाना त्या क्लासमध्ये ते हातपाय मारत असते. हे माझ्यामुळे झालं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी खाली आले तर बाबा गायब. बेकरीतल्या मुलीनं समुद्राकडे बोट दाखवलं. मी धावत गेले.

लुकीयोचा किनारा शांत आहे, बाहेरचा प्रवाळाचा बांध लाटा अडवतो. तिथं छातीएवढ्या पाण्यात सात-आठ म्हाताऱ्या गोल करून उभ्या होत्या. डोक्यावर टोप्या, कुणाच्या कानात डूल, कुणाच्या हातात चक्क कॉफीचा कप. त्या रोज सकाळी येतात, पोहत वगैरे नाहीत, पाण्यात उभ्या राहून तासभर गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. आपल्याकडे बायका नळावर काढायच्या तशा. आणि त्या गोलाच्या मधोमध बर्म्युडा आणि बनियन घालून माझे बाबा. गेस्ट हाउसवालीनं त्यांच्या पाठीखाली दोन्ही हात धरले होते. ती म्हणत होती, “त्रांकिलो, मि आमोर,” म्हणजे शांत राहा, हे नंतर मुलीनं सांगितलं. बाबा म्हणत होते, “सोडू नको व माय, सोडू नको.” दोघांनाही एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं, तरी काम सुरू होतं.

मी पुढे गेले नाही. बाबांनी मला पाहिलं असतं तर ते लगेच उभे राहिले असते, आणि मला ते नको होतं.

त्या दिवशी परत येऊन त्यांनी तिप्पट नाश्ता केला. पाचव्या दिवशी पुन्हा गेले. मी नारळाच्या झाडाआडून पाहिलं. गेस्ट हाउसवाली एक हात काढायची, बाबा बुडायचे, सगळ्या म्हाताऱ्या ओरडायच्या, एक जण त्यांच्या पाठीत धपाटा घालायची आणि पुन्हा पहिल्यापासून. वरून आईचा व्हिडिओ कॉल आला, “बाबाले पाण्यात उतरू देऊ नको हो.” मी सांगितलं, बाबा झोपलेत.

सहाव्या दिवशी निघायचं होतं. दुपारी दीडची फ्लाइट, दहाला गाडीत बसायचं. बाबा सातला समुद्रावर गेले. साडेनऊला आम्ही बॅगा गाडीत टाकून त्यांना आणायला गेलो.

गेस्ट हाउसवालीनं दोन्ही हात काढले होते. बाबा तरंगत होते. पोट वर, हात पसरलेले, बनियन फुगलेली, डोळे उघडे. म्हाताऱ्या दोन पावलं मागे सरून गप्प उभ्या होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गप्प. माझी मुलगी नाचायलाच लागली. मी रडले, उघड उघड, नाक पुसत रडले, त्यात कसली लाज?

पण दहा वाजले. सव्वादहा. बाबा बुडायचे, उठून उभे राहायचे, हसायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. नवरा घड्याळ दाखवायला लागला. गाडी परत करायची, विमानतळ पाऊण तासावर. बाबा म्हणजे नागपुरात ट्रेनच्या दोन तास आधी प्लॅटफॉर्मवर जाऊन बसणारा माणूस, आणि आता ढुंकून बघत नव्हते. साडेदहाला माझा संयम सुटला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्याच्या कडेला गेले, दोन्ही हातांचा कर्णा केला आणि जीव खाऊन ओरडले, “बाबा! पाण्यातून बाहेर या! चला, निघा! निघा म्हणते ना पाण्यातून!”

बाबा ताडकन उभे राहिले. हसू गेलं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. खांदे आत घेऊन, मान खाली घालून ते भराभरा काठाकडे यायला लागले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, आठ-नऊ वर्षांच्या पोरासारखा.

मी काय ओरडले ते तेव्हा मला कळलं.

“नाही, नाही!” मी तशीच कपड्यांनिशी पाण्यात शिरले. “बाबा, नका येऊ! मी आहे, मी. थांबा तिथंच!”

ते थांबले. त्यांनी मला नीट पाहिलं, ओळखलं, आणि हळूच विचारलं, “विमान?”

“जाऊ दे मसणात,” मी म्हटलं, “तुम्ही झोपा.”

त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे. मग पाठ टेकवली.