तात्यांच्या नावची गोळी

आमच्या तात्यांचं कुत्रं एवढं थोर होतं की पळसदेवात नवा आलेला माणूस आधी त्याला रामराम घालायचा आणि मग तात्यांना. अंगानं वासराएवढं. भुंकलं की धरणाच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उठायचे. पलीकडचा काठ किती लांब ते विचारू नका. दोन हात वाढवून सांगायची मला खोड आहे आणि ती तात्यांकडूनच आली. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. त्यांनी जाळ्यात धरलेला एक कटला मासा दर वर्षी सांगताना वीतभर वाढायचा. शेवटी काकी म्हणाली, "आता त्येला उजनीत जागा ऱ्हायली न्हाय. बास करा."

तर या गोष्टीत मी काही वाढवलेलं नाही. उलट थोडं कमीच केलंय.

तात्यांना फिट यायची. बारामतीच्या एका डॉक्टरांची पांढरी गोळी ते सकाळ-संध्याकाळ चहाबरोबर घ्यायचे. कडू लागते म्हणून बिस्किटाच्या तुकड्यात दाबून. गोळ्या पत्र्याच्या एका डबीत असायच्या. धरणाचं पाणी जुन्या गावात शिरून आणि गाव वर हलून पंधराएक वर्षं झाली होती. त्या वैशाखात पाणी उतरलं, जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं आणि भर दुपारी जाळं काढायला गेलेले तात्या गुडघाभर पाण्यात फिट येऊन पालथे पडले. सोबत फक्त कुत्रं. त्यानं त्यांना सदऱ्याला धरून काठापर्यंत ओढत आणलं होतं. सदऱ्याला दातांची भोकं होती. पण तोवर सगळं आटोपलं होतं.

दिवाळीच्या आत कुत्र्याला पहिली फिट आली.

तीही भर दुपारी, ओट्यावर. पाय झाडले, जबडा आवळला, तोंडाला फेस आला. मग उठलं, तर कुणाला ओळखेना. अंगणात गोल गोल फेऱ्या घातल्या आणि भाकरीच्या टोपल्यात तोंड घालून चार भाकरी खाल्ल्या. काकी दारात उभी होती. भाकरी गेल्याचं तिला काहीच नव्हतं.

"असंच," ती म्हणाली. "आगदी असंच करायचं."

खरं होतं. फिट उतरली की तात्याही अंगणात फेऱ्या घालायचे आणि भाकरी मागायचे.

इंदापूरहून म्हशींचे डॉक्टर गावात यायचे. कुत्रं बघून ते जरा बिचकले, आठवडाभरानं पुस्तक वाचून परत आले. "मिरगी हाय. कुत्र्यांनाबी असती. जल्माची. औषध माणसाचंच द्यावं लागंल, कुत्र्याचं येगळं हिकडं कुणी ठिवत न्हाय." त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं. काकीनं चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. आत जाऊन ती पत्र्याची डबी घेऊन आली. डॉक्टरांनी गोळी तळहातावर उलटीसुलटी केली.

"हीच. कुठनं आणली?"

"घरातलीच हाय."

"कुत्र्याला वजनाच्या मानानं माणसापरास जास्ती लागती, मी लिवून देतो. आन् एक ध्येनात ठिवा. एकदम बंद करायची न्हाय. बंद केली की फिटवर फिट यील आन् त्यातच जाईल."

काकीनं मान हलवली. घरातलं एक माणूस तिनं फिटमध्ये घालवलं होतं. दुसरं घालवायची तिची तयारी नव्हती, हे तिच्या मानेवरूनच दिसत होतं.

डबी तीन आठवडे पुरली. मी तेव्हा भिगवणला गाडी बदलून बारामतीला कॉलेजला जायचो, म्हणून गोळ्यांचं काम माझ्याकडं आलं. मेडिकलवाल्यानं म्हशींच्या डॉक्टरांची चिठ्ठी बघून परत माझ्या खिशात कोंबली. "ही गोळी झोपेच्या औषधांत मोडते. माणसाच्या डॉक्टरची चिठ्ठी आण."

घरी दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. काकीनं ट्रंकेतून तात्यांचा केसपेपर काढला आणि माझ्या हातात दिला. "ह्यो दाव. जास्ती बोलू नगंस."

तात्या गेले हे बारामतीच्या डॉक्टरांना कुणी कळवलंच नव्हतं.

डॉक्टरांनी केसपेपर उघडला आणि वर न बघताच विचारलं, "चुलते आले नाहीत?"

"न्हाय," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

"फिट किती आल्या?"

"महिन्यात दोन. दुपारच्या."

"नंतर?"

"गोल फिरतात. वळखत न्हाईत. मग लई खातात."

"नेहमीसारखंच. कामाला जातात?"

"पाण्यावर जातात."

डॉक्टरांनी डोस वाढवला. कागद परत देताना म्हणाले, "पाण्याजवळ एकटं सोडू नका."

त्या दुपारी, दिवाळीच्या दिवसांतही, बारामती स्टँडवर बाभळीची पानं गळावीत इतकं ऊन होतं. मला मात्र थंडी वाजत होती.

दर महिन्याला हेच झालं. मी कुत्र्याचं सांगायचो, डॉक्टर तात्यांचं लिहायचे, आणि दोन्ही अक्षरशः जुळायचं. इकडं पळसदेवात तात्यांना जाऊन वर्ष होत आलेलं, आणि बारामतीत ते महिन्यागणिक सुधारत होते. फिट कमी. भूक चांगली. वजन वाढलं.

कुत्रंही सुधारलं. फक्त भुंकायचं थांबलं. गोळीनं सुस्ती येते म्हणतात, तसं असेल. ते संथ चालायला लागलं, उजवा पाय जरा ओढत. तात्याही ओढायचे. एका सकाळी मी ओट्यावर आलो तर काकीचा आवाज आला, "अहो, गोळी घ्या. च्या निवतोय." मी तात्यांच्या जागेकडं पाहिलं. तिथं कुत्रं बसलं होतं, भिंतीला पाठ लावून, आणि बिस्किटाची वाट बघत होतं.

जलमभर 'ये रे, जा रे'वर वाढलेलं कुत्रं त्या दिवसापासून 'अहो'वर गेलं. घरात कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही, आणि मी मयतीतसुद्धा हसवणारा माणूस.

मग डॉक्टरांनीच अडवलं. "सहा महिने पेशंटचं तोंड बघितलं नाही. पुढच्या वेळी त्यांना आणा, नाहीतर गोळी नाही."

मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊ की घिऊन."

एसटीत कुत्रं घेत नाहीत, म्हणून वडापच्या, म्हणजे सीट भरून चालणाऱ्या, जीपनं गेलो. दवाखान्यात काकी डॉक्टरांसमोर बसली.

"पेशंट कुठं आहेत?"

"भाईर हायत."

डॉक्टर बाहेर व्हरांड्यात आले. बाकाखाली कुत्रं होतं. तेव्हा मी सगळं सांगून टाकलं, जन्मात पहिल्यांदा एक बोटही न वाढवता. डॉक्टरांनी केसपेपर वरपासून खालपर्यंत वाचला. सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. मग ते खाली बसले, कुत्र्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट दाबून पाहिलं.

"डोस बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "गोळी बंद करता येणार नाही. पण हा कागद बंद करावा लागेल. गेलेल्या माणसाच्या नावावर मी लिहू शकत नाही. नवीन करू, कुत्र्याच्या नावानं, जनावरांच्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडून." त्यांनी कोरा कागद घेतला आणि काकीला विचारलं, "नाव?"

काकीनं पदर पुढं ओढला आणि खाली बघितलं.

"हाक काय मारता त्याला?"

कुत्र्याचं नाव काकी पूर्वी दिवसातून दहादा काठभर ओरडायची. सगळ्या गावाला ते पाठ होतं. नाव घ्यायचं नाही ते फक्त तात्यांचं. लग्न झाल्यापासून ते तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. आता ती माझ्याकडं वळली.

"तूच सांग," ती म्हणाली. "ह्यांचं नाव मी कसं घिऊ?"

मी कुत्र्याचं नाव सांगायला तोंड उघडलं. ते आलंच नाही. तोंडातून तात्यांचं नाव आलं, आडनावासकट.

बाकाखाली शेपूट फरशीवर एकदा आपटलं. कुत्र्यानं मान वर केली आणि 'काय रे' म्हणावं तसं माझ्याकडं पाहिलं.

डॉक्टरांनी कोरा कागद बाजूला सारला, जुनाच पुढं ओढला आणि शेवटच्या ओळीखाली त्या महिन्याच्या गोळ्या लिहिल्या. कागद देताना सवयीनं म्हणाले, "पाण्याजवळ..." आणि तिथंच थांबले.

परतीच्या जीपमध्ये मी कुत्र्याला खिडकीशी बसवायला गेलो.

"कडंला नगं," काकी म्हणाली. "ह्यांना वारं सोसत न्हाय."

मी सरकून मधली जागा दिली. वैशाख लागला होता. गावाच्या वळणावर पाणी दिसलं आणि पाण्यात देवळाचं शिखर, नुकतंच वीतभर वर आलेलं. कुत्र्यानं कान टवकारले. काकीनं पदराचं टोक त्याच्या डोळ्यांवरून ओढलं आणि पाण्याची बाजू संपेपर्यंत हात तिथंच ठेवला.