मरळीच्या पोटातला गळ
मासोळी चिरल्याचा वास आला की मले माही बायको आठवते अन् मान खाली जाते. इंग्रजांच्या राजातली गोष्ट. नदीच्या डोहात लावलेला माहा गळ सकाळी दोरीसकट गायब झाला. दाभण तापवून, वाकवून मीच तो केला होता. आदल्या दिवशी बायकोचा भाऊ मुक्कामी होता, म्हणून मी मंगरूळच्या बाजारात चार लोकांदेखत त्याले गळचोर म्हटलं. तवापासून तो आमच्या घरी यायचाच थांबला. पंधरा दिवसांनी मी मोठी मरळ धरून आणली. बायकोनं तिचं पोट चिरलं अन् आतून गळ काढला. "हा पाहा तुमचा चोर," ती म्हणे, "आता जा अन् दादाले घेऊन या." मी म्हटलं, "नदीत काय माहाच एक गळ हाये? दुसऱ्याचा असन." दाभणाचं नेढं मले दिसत होतं, तिलेही दिसत होतं. कबूल कराले लाज वाटली. भाऊबीजेले, भाऊ जिता असताना, तिनं अंगणात उभं राहून चंद्राले ओवाळलं. मी ओट्यावर बसून पाहत राह्यलो. त्याचं गाव दोनच कोस होतं. आता ती नाही, अन् मले ते दोन कोस चालवतही नाहीत.