चेष्टेची चेष्टा

ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या निवेदिताच्या लॅपटॉपवर एका वेळी एकच खिडकी उघडी असेल, तर ती आजारी आहे असं खुशाल समजावं. डावीकडे लेखकाने पाठवलेला मूळ लेख, उजवीकडे तिने सुधारलेला, आणि खाली शब्दकोश. "एवढ्या खिडक्या तर आपल्या घराला नाहीत," असं तिचा नवरा अपूर्व म्हणतो. डावीकडच्या मजकुराला मात्र ती बोट लावत नाही. आपण सुधारता सुधारता माणूसच पुसून टाकतो, अशी तिला धास्ती असते. मराठी मंडळाची स्मरणिका दरवर्षी तिच्या हातून जाते, आणि कुणी आभार मानायला विसरलं तरी ती पुढच्या वर्षी पुन्हा बसतेच. मला तर या बाईचं फार कौतुक वाटतं.

यंदा ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या शांताताईंनी आपल्या दिवंगत यजमानांवर, म्हणजे जगदेवराव मास्तरांवर लेख दिला. त्यात लिहिलं होतं, 'गरीब मुलांना शिकवायची त्यांनी जन्मभर चेष्टा केली.' हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, पण मराठीत मास्तर थट्टेखोर ठरले असते आणि पुण्याच्या नातेवाइकांना आयतं हसू मिळालं असतं. निवेदिताने सगळीकडे एका फटक्यात 'प्रयत्न' घातलं. शेवटचं वाक्य त्यामुळे पार बिघडलं, तेही तिने घाईघाईने सरळ केलं: 'दवाखान्यात शेवटी त्यांनी माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला.' वाक्य कसं छान, शुद्ध झालं. छापखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता.

तरीही पाठवण्याआधी तिने सवयीप्रमाणे दोन्ही खिडक्या ओळीला ओळ लावून वाचल्या. डावीकडे होतं, 'शेवटी त्यांनी माझी चेष्टा करायची चेष्टा केली.'

तिने लगेच शांताताईंना फोन लावला.

"काकू, शेवटच्या ओळीत चेष्टा दोनदा आहे."

"गलत झालं का गं? एक मराठीतली आहे, एक इथली." शांताताई सांगू लागल्या. "मी मुगाचं पाणी पाजत होते. तर म्हणाले, 'शांते, आज तरी मीठ...' पुढे शब्दच निघेना. जन्मभर माझ्या स्वयंपाकाला हेच म्हणत आले. त्या दिवशी बस कोशिशच झाली त्यांची."

निवेदिताचे डोळे भरून आले. मुलांना शिकवायचा 'प्रयत्न' तिने तसाच ठेवला, पण शेवटचं वाक्य डावीकडून उचलून जसंच्या तसं उजवीकडे आणून ठेवलं. पुण्याचे हसतील तर हसू देत.

"काही गलत नाही काकू. तुमचंच छापतेय."

"ठेव मग," शांताताई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? त्या दिवशी मीठ खरंच राहिलं होतं गं."