आतोबा आणि परक्या कंपनीची बॅटरी

माझ्या आतोबांइतका सावकाश माणूस गिरणगावात दुसरा झाला नाही, आणि आता गिरणगावच जागेवर नाही म्हटल्यावर होणारही नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर चार दारं सोडून राहायचे. सकाळचा चहा पिऊन होईपर्यंत त्यांची दुपारच्या चहाची वेळ व्हायची. चप्पल घालण्याआधी ते ती उलटी करून बघत. आत्या म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा 'विचार करून सांगतो' म्हणाले. पोरांची लग्नं झाली, अजून सांगितलेलं नाही." आणि मी पडलो तापट. बस दोन मिनिटं उशिरा आली तरी कंडक्टरशी भांडणारा. देवाने हा शेजार मला मुद्दाम दिला असावा, असं आईचं मत होतं.

गिरणीत ते वायरमन होते. संप झाला, लांबला, भोंगा कायमचा थांबला, पण आतोबांच्या हातातली पक्कड काही खाली पडली नाही. घरी बसून आधी लोकांचे पंखे, मग मिक्सर, मग टीव्ही, आणि सत्तरी ओलांडल्यावर सुतारांची ती बिनवायरची ड्रिल मशिनं. त्यांत एक गोम असते. मशीन धडधाकट राहतं, बॅटरी मरते, आणि एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. खाचा वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या. आतोबांना हा शुद्ध आडमुठेपणा वाटे. "मशीनला कंपनी कळत नाही रे, व्होल्ट कळतात," असं म्हणत ते गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनी तासून मधला अडॅप्टर बनवत. खाली एकीची बॅटरी, वर दुसरीचं मशीन. पण त्याआधी मीटर लावून दोन्हीकडची अशी चौकशी, की मुलीचा बापही एवढी करणार नाही. एकीवर अठरा व्होल्ट आणि दुसरीवर वीस लिहिलेलं दिसलं की हसून सांगत, "वस्तू एकच. एकाने चार्ज झाल्याझाल्या मोजली, दुसऱ्याने चालताना." मात्र बाराच्या मशीनला अठराची बॅटरी मागणाऱ्या एकाला त्यांनी सरळ परत पाठवलं. त्याने घरी जाऊन स्वतःच जोडली आणि तासाभरात काळवंडलेलं मशीन घेऊन हजर. आतोबांनी मशीनचा वास घेतला आणि म्हणाले, "बघ, उत्तर आलं."

त्या दिवशी सकाळपासून चाळीत वीज नव्हती. आमचं बाथरूम घरातच बांधून घेतलेलं, त्याला खिडकी नाही. ऐंशी ओलांडलेली माझी आई त्या अंधारात गेली, आणि धप्पकन आवाज आला. मी धावलो. आतून कडी. दार आत उघडणारं आणि आई नेमकी दाराला टेकून पडलेली. मी धक्का दिला तशी ती अशी किंचाळली की माझा हात आपोआप मागे आला. फायर ब्रिगेडला फोन केला, ते "निघालो" म्हणाले, पण गाडी येईपर्यंत थांबणार कोण? दुसऱ्या मजल्यावर फर्निचरचं काम करणारा सुतार धावत आला. दाराला बाहेरून पत्रा मारलेला. त्याने पटाशीवर हातोडीचा एकच घाव घातला, तर आतून आई म्हणाली, "डोक्यात बसतंय रे." त्याने ड्रिल काढलं. कडीजवळ चार भोकं पाडायची, तुकडा काढायचा, आत हात घालून कडी सरकवायची, एवढंच काम. बटण दाबलं, ड्रिल ढिम्म. बॅटरी सकाळीच मेलेली, हे गडबडीत तो विसरला होता, आणि चार्ज करायला वीज नाही.

तेवढ्यात आतोबा आले. एका बगलेत भरलेली बॅटरी, दुसऱ्या बगलेत मीटर आणि अडॅप्टरचा डबा. बॅटरी अर्थातच भलत्याच कंपनीची.

"आतोबा, लवकर करा हो!"

"हो," म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला. मी अक्षरशः दात खाल्ले. चष्मा लावून ते दाराशी वाकले. "वहिनी, मी आलोय. बोलत राहा. आज भाजी काय करणार होतात?"

"शेवग्याच्या शेंगा," आतून क्षीण आवाज आला.

"कशा करता? सगळं सांगा."

आई सांगू लागली. इकडे आतोबांनी मीटर लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. अधिक-उणे तपासलं, पुन्हा तपासलं. मला राहवेना. अडॅप्टर चढवल्याबरोबर मी ड्रिल ओढून घेतलं. हवेत काय सुंदर फिरलं! पत्र्यावर टेकवलं, दोन गिरक्या, आणि बंद.

"मेलं!" मी ओरडलो.

"रिकाम्या हाताने सगळेच पहिलवान," आतोबा म्हणाले. "भार घालून बघायला हवं." त्यांनी सुताराला ड्रिल दारावर दाबायला लावलं आणि मीटर धरलं. विसाचे अकरा झाले. "बॅटरी चांगली आहे. माझी वायर बारीक पडली." मग आत्याकडे वळून म्हणाले, "तुझी इस्त्री आण."

इस्त्रीची जाड वायर त्यांनी मुळापासून कापली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस न विचारता काहीतरी करत होता. आतमधली शेवग्याची भाजी फोडणीपर्यंत आली, ओलं खोबरं पडलं, आणि आवाज थांबला.

"आई! आतोबा, आई बोलत नाही! जोडा ना पटकन!"

"तुका काय कळता? गप रव!" एरवी शुद्ध बोलणारा माणूस मालवणीवर आला होता. "उलटा जोडला तर मशीन जळात. मगे काय करशीत?" कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता, पण स्क्रू आवळणारी बोटं हलली नाहीत. पुन्हा मीटर. पुन्हा अधिक-उणे. त्या क्षणी मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला, खोटं कशाला सांगू?

मग ड्रिल चाललं. चार भोकं पडली, सुताराने हात घातला, कडी सरकली, दार बोटाबोटाने आत गेलं. आई डोळे उघडे ठेवून पडली होती. आतोबांना बघून म्हणाली, "भावजी, मीठ सांगायचं राहिलं." मी खाली बसून लहान पोरासारखा रडलो.

परळच्या हॉस्पिटलात मनगटाला प्लॅस्टर घातलं, एक रात्र ठेवून घेतलं. संध्याकाळी कपडे न्यायला आलो तर शेजारच्या चाळीत दिवे, आमच्याकडे अंधार. वीज कंपनीचा माणूस मीटरबोर्ड उघडून उभा होता. "अहो, फ्यूजच नाही जागेवर!" जिन्यात उभ्या आतोबांनी शर्टाचा खिसा चाचपला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

सकाळी बोर्डावरची ढिली वायर आवळायला त्यांनी फ्यूज काढला होता, आणि गिरणीतल्या रिवाजाप्रमाणे स्वतःच्या खिशात ठेवला होता, म्हणजे आपण काम करताना दुसरा कोणी वीज चालू करणार नाही. स्क्रूड्रायव्हर आणायला वर गेले, तर वाटेत सुताराने मेलेली बॅटरी दाखवली. झालं. आतोबा बॅटरीत रमले, फ्यूज खिशात राहिला, आणि आई अंधारात पडली.

मी भर जिन्यात, सगळ्यांसमोर तोंडाला येईल ते बोललो. "गिरणी बंद होऊन जमाना झाला! कोणाचे हात वाचवताय अजून?" त्यांनी फ्यूज त्या माणसाच्या हातात दिला आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी पक्कड, मीटर, बॉबिनी, सगळं सुताराला देऊन टाकलं.

आई घरी आली. मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "कोणाचे हात विचारलंस? तुझ्या बाबांचे. बाबा गिरणीत मागाच्या साच्यात हात घालून होते आणि कोणीतरी बटण दाबलं. फ्यूज भावजींच्या खिशात होता म्हणून हात राहिले. त्याच हातांनी तुला वाढवलं. जा, बोलावून आण त्यांना."

मी गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो आणि "आई बोलावतेय" एवढंच बोललो. ते आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. "वहिनी, वीज आहे ना?"

"आहे. या आत."

पुढे रोज सकाळी साडेसातला तेच. उंबऱ्यावर थांबायचं, विचारायचं, आईने 'या आत' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. रोज मला वाटायचं, आज बोलू. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाने एवढं एकच काम सावकाश करायला घेतलं, आणि ते राहिलंच. आतोबा दोन वर्षांपूर्वी गेले.

आईला आता फारसं उमगत नाही. साडेसात वाजले की दाराकडे बघून ती म्हणते, "आहे. या आत." मी उठतो आणि भर सकाळी बाहेरचा दिवा लावतो.