गाढवावरून आलेला राजा आणि शेअर ऑटो

आमच्या मंडळात प्रार्थना कमी आणि किस्से जास्त होतात, असं मी एकदा भर सभेत म्हणाले. मोठी माणसं चिडली. चिडता चिडता त्यांनी आणखी एक किस्सा केला, आता काय बोलणार! नोकरीसाठी वसईहून चेन्नईला आलेली आमची जेमतेम आठ कुटुंबं. चर्चमध्ये मिस्सा तमिळमध्ये नाहीतर इंग्लिशमध्ये, म्हणून उपासाच्या दिवसांत, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, दर रविवारी पेरुंगुडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठीतून प्रार्थना. दारात चपलांचा ढीग, आणि ढिगागणिक एक किस्सा.

*

मंडळाचे अध्यक्ष मॉरिसकाका. रिटायर्ड, पण नियमांमधून नाही! प्रभूनं अरण्यात चाळीस दिवस उपास केला, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी फिल्टर कॉफी सोडली. त्याच आठवड्यात त्यांनी वॉचमनला झापलं, माझ्या बाबांना झापलं, आणि रविवारी प्रार्थनेला उशीर झाला म्हणून उरलेल्या सगळ्यांना झापलं.

मार्थामावशी उठल्या, आमच्या किचनमध्ये गेल्या आणि वाफाळती कॉफी करून त्यांच्यापुढे ठेवली.

"मॉरिसभाऊ, ही घ्या, आणि उपास रागाचा करा. जरा आम्हालाही पुण्य लागू द्या!"

*

मार्थामावशी म्हणजे इनासकाकांच्या बायको. चर्चच्या दारात झावळ्या विकणाऱ्या बाईकडून त्या कोवळ्या पानांचा क्रूस विणायला शिकल्या. बाई तमिळ बोलायची, मावशी वसईची मराठी. एकीचं दुसरीला काही कळत नव्हतं, पण बोटांना सगळं कळत होतं. तेव्हापासून ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मंडळातल्या प्रत्येक घराचा क्रूस त्याच विणायच्या.

गेल्या वर्षी त्या रविवारी कॅब मिळेना. समोर शेअर ऑटो उभी. इनासकाका आपल्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत म्हणाले, "मी नाही त्यात कोंबून घेणार. माणसाला काही मान असतो!"

मावशी ऑटोत बसल्यासुद्धा होत्या. आतून म्हणाल्या, "अहो, राजांचा राजा यरुशलेमात गाढवावरून आला. तुम्हाला ऑटो चालत नाही?"

काका नाहीच बसले. चालत आले. पोचले तेव्हा फादर शेवटचा आशीर्वाद देत होते आणि शर्टाची इस्त्री घामात गेली होती.

*

प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आज्ञा गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. गेल्या वर्षी तो मान आमच्या मंडळाला मिळाला. बाबांनी तर अण्णा नगरच्या मॉलमध्ये जाऊन पेडिक्युअर केलं! "प्रभूच्या नावानं धुवायचे, मग मळके कसे चालतील?"

मॉरिसकाकांनी बारा नावं वाचली. सगळे पुरुष. मी उभी राहिले.

"काका, बायकांना पाय नसतात?"

"जेनी, ते बारा प्रेषित पुरुष होते."

"त्यातला एक दगाबाज यहूदा होता. त्याची जागा द्या मला!"

आईनं मला खाली ओढलं. विषय संपला. पण गुरुवारी एक प्रेषित ट्रॅफिकमध्ये अडकला आणि बारावी खुर्ची रिकामी राहिली. मार्थामावशी सावकाश पुढे गेल्या, चपला काढल्या आणि बसल्या. फादरनी पाय धुतले, पुसले.

बाहेर आल्यावर मॉरिसकाका म्हणाले, "वहिनी, हे काय केलंत?"

"काही नाही हो, पाय दुखत होते."

*

ईस्टरनंतरच्या रविवारी थोमाची गोष्ट असते. प्रभूच्या जखमांना बोट लावल्याशिवाय तो पुन्हा उठला यावर मी विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा. चर्चबाहेर मॉरिसकाका मुलांना समजावत होते, "म्हणून मोठ्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. गपचूप विश्वास ठेवायचा."

त्यांचीच नात म्हणाली, "मग इथे चेन्नईत एवढा मोठा डोंगर थोमाच्या नावाचा का आहे? गप्प बसणाऱ्यांच्या नावाचा कुठे आहे?"

मी तिला चॉकलेट दिलं. मोठं.

*

नोव्हेंबरच्या पावसात मार्थामावशी गेल्या. ताप आला, आणि बस.

राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची असते. आमच्याकडचे क्रूस आम्ही आदल्या दिवशी गच्चीवर जाळून राख फादरना देतो. गोळा करायचं काम यंदा माझ्याकडे आलं.

इनासकाका दारातच म्हणाले, "आमचा हरवला गं."

त्यांच्या मागे भिंतीवर प्रभूची तसबीर होती. तसबिरीमागून क्रूसाचं वाळलेलं टोक डोकावत होतं. मी गोळा केलेल्या क्रूसांची पिशवी मिटली.

तिथून मी तडक मॉरिसकाकांकडे गेले. "तुमची रीत ठेवा बाजूला! मी त्यांच्याकडून तो क्रूस मागणार नाही."

"मी काय म्हणालो?" त्यांनी आपला क्रूस माझ्या हातात दिला. "पुन्हा त्याच्या दारी जाऊ नकोस."

मंगळवारी संध्याकाळी खापरात झावळ्या तडतडत होत्या. गच्चीपर्यंत लिफ्ट नाही. इनासकाका धापा टाकत वर आले आणि खिशातून क्रूस काढला.

"काका, नको. ठेवा तुमच्याकडे."

"सगळ्यांचे तिनंच विणले होते ना? मग हा एकटा कशाला मागे राहील?"

त्यांनी तो वाकून ठेवला. टाकला नाही, ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी फादरनी प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. "तू माती आहेस आणि मातीला मिळशील." मुंबईत असते तर वाटेत दहा जणांनी सांगितलं असतं, कपाळाला काहीतरी लागलंय. चेन्नईत अर्ध्या गावाच्या कपाळाला विभूती. कोण विचारणार!

बाहेर मी मोबाइलवर कॅब शोधत होते. वर बघते तर काकांनी हात करून शेअर ऑटो थांबवली होती. पांढऱ्या शर्टासकट ते दोन भाजीच्या पिशव्यांच्या मधे बसले, आणि मला म्हणाले, "चल गं. मान ठेव घरी."

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. तमिळमध्ये विचारलं, "कुठल्या देवळातली विभूती, सार?"

काकांचा हात कपाळाकडे गेला, आणि राखेला न लागता खाली आला.

मोडक्यातोडक्या तमिळमध्ये ते म्हणाले, "आमच्या घरची."