वजन बघून घेतलेलं मशीन

मीरा रोडला जाण्यात तसं वाईट काही नाही. आमच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं तिकडेच गेली आणि सुखात आहेत म्हणतात. पण माझी नात जाणार, हे मला सोसेना. ते कोणाला दिसू नये म्हणून मी दोन दिवस घरात सगळ्यांवर खेकसत होतो.

नात इंटिरियर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. नसलेल्या घरांची चित्रं काढायची, आणि ती अशी की बघणाऱ्याला फोटोच वाटला पाहिजे. खिडकीतून ऊन आलेलं, लादीवर त्याची तिरीप, काचेच्या पेल्यात खोली उलटी दिसतेय. काढून झालं की मशीन ते सगळं शिजवत बसतं, त्याला रेंडरिंग म्हणतात. तिचा जुना लॅपटॉप एका चित्राला पुरी रात्र घ्यायचा आणि पहाटे स्वतःच बंद पडायचा. वर्गातल्या दोन मुलींनी मीरा रोडला फ्लॅट भाड्याने घेतला होता, त्यातल्या एकीकडे चांगलं मशीन होतं. तिसरी मुलगी हवी होती. नातीने रविवारपर्यंत कळवायचं होतं.

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर, वर पोटमाळा. मुलगा आणि सून नोकरीला. संध्याकाळी येतात, जेवतात, फोनात डोकं घालतात. सांगितलेलं ऐकतात, हे त्यांचं सगळ्यात वाईट. उलट बोलणारी एकच, ती नात. ती गेली तर मी भांडायचं कोणाशी?

शुक्रवारी जेवताना मुलगा म्हणाला, "हप्त्यावर नवा लॅपटॉप घेऊ या तिला. मग मीरा रोड नको."

मला धोका लगेच दिसला. लॅपटॉप म्हणजे काय, काखेत मारला की चालली. वर्ष कशाला, महिन्याभरात चालली.

तेवढ्यात नात म्हणाली, "लॅपटॉप नको. त्याच पैशात सुटे पार्ट घेऊन मशीन जोडलं तर दुप्पट ताकदीचं होतं. पण मोठं होतं ते. घेऊन फिरता येत नाही."

माझा घास हातातच राहिला. "फिरता येत नाही?"

"नाही हो आजोबा. एकदा ठेवलं की ठेवलं."

"मग तेच घ्यायचं. पैसे माझे."

मुलगा हसला. "बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"मला मसाला कळतो," मी म्हटलं. "ह्या घरात पाकिटातला मसाला कधी आला? मिरची वेगळी आणायची, धणे वेगळे, दगडफूल वेगळं. जे ते हातात घेऊन निवडायचं, आणि कुटताना समोर उभं राहायचं. मशीनसुद्धा तसंच घेतलं पाहिजे."

हे मला आयत्या वेळी सुचलं होतं, पण सुचलं चांगलं. मी उभा जन्म लालबागच्या मसाला बाजारात डंखावर काढला. डंख म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र, मुसळं खालीवर होतात आणि मिरचीचा भुगा होतो. त्या बाबतीत माझ्यापुढे कोणी बोलत नाही.

शनिवारी सकाळी आम्ही लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात. जाताना नातीने मला शपथ घातली, "दुकानात तुम्ही गप्प बसायचं." मी बरं म्हटलं. बोलणार नाही म्हटलं होतं, हात लावणार नाही असं म्हटलं नव्हतं.

माझं ठरलेलं होतं. मशीन इतकं जड झालं पाहिजे की मीरा रोड सोडा, दारातून कॉमन गॅलरीत न्यायलाही चार माणसं लागावीत. मी एकेक खोका उचलायचा, हातावर तोलायचा, हलका असला की नाक मुरडायचं आणि जड असला की मान हलवायची.

दुकानदार आधी बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ये क्या, कांदा-बटाटा है?"

"तू तेरा काम कर," मी म्हटलं. गप्प बसायची शपथ तिथे संपली.

पहिली मेमरी आली. तिला रॅम म्हणतात. नात म्हणाली, "हा आपला ओटा समजा. जेवढा मोठा, तेवढं सामान एका वेळी मांडता येतं." ओटा हातात घेतला तर कंगव्याएवढा. मी नाक मुरडलं. मग दुकानदाराने चित्रं साठवायची वस्तू दाखवली. ती च्युइंगमच्या पट्टीसारखी, फुंकर मारली असती तर समोरच्या दुकानात गेली असती.

"एवढ्याशाचे एवढे पैसे? ती जुनी यायची, लोखंडी, ती नाही का?"

"हार्ड डिस्क? ती स्लो असते आजोबा."

"असू दे. म्हातारी माणसं घरात ठेवतातच ना?"

दुकानदार हसला, नात नाही हसली. पण विचार करून म्हणाली, "तशी जुन्या फाइली ठेवायला एक लागेलच." झालं. पट्टीही घेतली आणि लोखंडही घेतलं.

मग मशीनचं डोकं थंड ठेवायचा पंखा. दुकानदाराने पाणी फिरवणारा काढला, आत रंगीत दिवे. विजेच्या वस्तूत पाणी, हे मला पटेना. शेजारी एक नुसत्या धातूच्या पात्यांचा ठोकळा होता, वरवंट्यासारखा जड. मी तो उचलून काउंटरवर ठेवला आणि सोडलाच नाही. नातीने त्याच्यावरचं वाचलं, फोनमध्ये काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "अरे, हा चांगला आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," मी म्हटलं.

कोपऱ्यात यूपीएस नावाची वस्तू होती. वीज गेली तरी ती मशीनला थोडा वेळ तग धरायला लावते. मी उचलून बघितली तर कमरेत कळ आली. म्हटलं, "ही पाहिजेच." नातीचा चेहरा एवढा उजळला की मला जरा लाजच वाटली. तिला ती हवी होती, पण म्हातारा किती पैसे घालणार म्हणून बोलली नव्हती.

इथवर सगळं माझ्या मनासारखं. अडलं ते डब्यावर. ज्यात हे सगळं बसवायचं तो डबा, कॅबिनेट. दुकानात एक होतं, तीन बाजूंनी जाड काच, खाली पोलादी पत्रा. दोघांनी धरून दाखवलं मला. मी प्रेमातच पडलो. नातीने बोट ठेवलं ते काळं, पुढून नुसती जाळी. ते मी एका हाताने उचललं.

"हे? हे तर पिंजऱ्यासारखं आहे. उंदीर ठेवायचेत?"

"जाळीतून हवा जाते आजोबा. काचेच्या डब्यात मशीन गुदमरतं. आणि काचेचं घेतलं तर पैसे तिथेच जातील, मग कार्ड छोटं घ्यावं लागेल."

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, चित्र शिजवण्याचं सगळं काम त्याचं. ते तिने मला माझ्या भाषेत सांगितलं, "तुमच्या डंखाला मुसळं किती?"

"पाच."

"ह्याला हजारो आहेत. बारीक बारीक. सगळी एकदम चालतात."

हजारो मुसळं! त्यातलं एक जरी फुटलं तर शोधायचं कसं, हे माझ्या मनात आलं, पण विचारलं नाही. मी काच सोडायला तयार नव्हतो. म्हटलं, "कार्ड जरा लहान घे. डबा दणकट पाहिजे."

"आजोबा, डब्याने काय चित्र होणार आहे?"

"पैसे कोणाचे?"

हे मी बोलायला नको होतं. नातीने पाठ फिरवली. बाहेर रस्त्याकडे बघत राहिली. मला कळलं की ती मनाने मीरा रोडच्या गाडीत बसून अंधेरीच्या पुढे पोचली.

दुकानदाराने ही संधी साधली. काचेवर हात फिरवत मला म्हणाला, "काका बराबर बोल रहे हैं. लडकी है, इतना बडा कार्ड क्या करेगी? घर की सजावट ही तो बनानी है, पडदा, सोफा. छोटे में चल जाएगा."

डंखावर असताना मी बायका बघितल्यात. माझ्यासमोर तासन् तास उभ्या राहायच्या, आपल्या मिरचीवरून नजर काढायच्या नाहीत. मालक त्यांना म्हणायचा, घरी जा, बसा, तुम्हाला काय कळतं त्यातलं. आणि त्याच बायका घरून परत येऊन वासावरून सांगायच्या की ह्यात लवंग कमी आलीये. बायकांना असं म्हणणारा माणूस मला आवडत नाही.

"पडदा?" मी म्हटलं. "ओ शेठ, माझी नात अख्खी बिल्डिंग काढते. जिन्याची प्रत्येक पायरी काढते. तुमचं हे दुकान ती एका दिवसात असं काढेल की तुम्ही शटर शोधत बसाल. सगळ्यात मोठं कार्ड काढा."

"पर काका, वो काचवाला…"

"काच तुमच्या घरी ठेवा. जाळीचा डबा द्या. आणि त्या कार्डाला वीज पुरेल असा जो काही लागतो तोही मोठा द्या."

नात माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं. जड डबा माझ्या हातातून गेला होता, आणि तोही माझ्याच तोंडाने. सगळ्यात मोठं कार्ड आलं ते मात्र विटेसारखं निघालं. मी दोन्ही हातांनी तोललं आणि थोडंफार भरून निघालं म्हणून समाधान मानलं.

जोडणीला दुकानाच्या मागे चष्म्यातला एक माणूस बसायचा. नात म्हणाली, समोरच्या हॉटेलात डोसा खाऊन येऊ, तोवर होईल. मी म्हटलं, तू जा. मी स्टुलावर त्याच्यासमोर बसलो. त्याने स्क्रू फिरवला की मी वाकायचो. त्याने पान लावायला पुडी काढली की घसा खाकरायचो. शेवटी तो हळूच मराठीत म्हणाला, "काका, माझी आई तुमच्याकडूनच मसाला कुटून आणायची काय?"

"कुठे राहायची?"

"घोडपदेवला."

"मग आणत असेल. आणि ती उठून गेली नसणार." त्यावर त्याने पुडी खिशात घातली.

टॅक्सीत मशीन आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं. पाय बधिर झाले. भायखळ्याच्या पुलावर नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही प्रत्येक वस्तू उचलून का बघत होतात?"

"माल बघावा लागतो."

"जड होती तीच घेत होतात."

"जड ते टिकतं."

"आणि मीरा रोडला नेता येत नाही."

मी ड्रायव्हरला म्हटलं, पुढे सिग्नल आहे. सिग्नल नव्हता.

मग तीन मजले. माझी अक्कल मला जिन्यावर कळली. यूपीएस मी उचलली होती, कारण मीच निवडली होती, आणि दुसऱ्याला देणं माझ्या स्वभावात नाही. प्रत्येक मजल्यावर मी बसलो आणि विचारणाऱ्याला सांगितलं की वारा खातोय. मशीन शेजारच्या दोन पोरांनी वर नेलं.

संध्याकाळी घरातल्या टीव्हीला जोडून मशीन चालू झालं. नातीने तिचं अर्धवट चित्र टाकलं. एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये वाचनालय केलेलं. मी पानाची चंची सोडली, सुपारी कातरली, तोवर चित्र तयार. छपरातून ऊन उतरलेलं, टेबलं चकचकीत, आणि खुर्चीवर एक गोरा माणूस, कोट घातलेला.

"हा कोण?"

"तयार मिळतात असे. माणूस दाखवावा लागतो."

"गिरणगावात हा कुठे आला? काढ त्याला. मला बसव."

ती माझ्याकडे वळून नीट बघत म्हणाली, "तुमच्यासाठी आणखी मोठं कार्ड लागेल. सुरकुत्या फार आहेत."

अशी भांडते ती. म्हणून तर सगळा खटाटोप. पण जाणार की राहणार हे ती बोलेना, आणि मी विचारणार नव्हतो. मशीन आणून दिलं ते जा म्हणून थोडंच, पण राहा असं तोंडाने म्हणायची सवय मला नाही.

रविवारी दुपारी तिने गॅलरीत जाऊन फोन लावला. मी खाटेवर डोळे मिटून घेतले आणि एक घोरणं सोडलं, म्हणजे ती मोकळेपणाने बोलेल.

"नाही गं, मी नाही येत… अगं, हलवणार कसं ते? आजोबांनी दगड भरलेत त्यात… हो, कार्ड तुझ्यापेक्षा मोठं आहे… मग तुम्हीच या ना इकडे."

पहिलं ऐकून माझं घोरणं थांबलं. शेवटचं मी नीट ऐकलं नाही, हे माझं चुकलं.

दोन दिवसांनी त्या दोघी आल्या, पाठीवर पिशव्या घेऊन. सबमिशन होईपर्यंत राहणार. सून खूश, घर भरलं म्हणून. तिघी मशीनसमोर पाठमोऱ्या बसल्या. माझी खाट मशीनच्या वाटेत येत होती, ती गॅलरीत गेली, खाटेमागून मीही. शेजारचा म्हातारा जाता-जाता म्हणाला, "काय रे, नातीने बाहेर काढलान?"

"आत काम चाललंय," मी म्हटलं. "हळू बोल."

बाहेरून मला तिचा आवाज येतो. खिडकी चुकली म्हणून एकीला झापते, उजेड उलटा पडला म्हणून दुसरीला. माझ्याशी भांडायला उठते मात्र रोज, चहा घेऊन, उंबऱ्यातच.

काल त्यातली एक मुलगी चहाचा कप घेऊन माझ्या खाटेवर टेकली. म्हणाली, "आजोबा, इथे किती मस्त आहे. आम्ही विचार करतोय, मीरा रोडचा फ्लॅट सोडूनच द्यावा."

मी जन्मात पहिल्यांदा मीरा रोडची बाजू घेतली. म्हटलं, "सोडू नकोस गो बाय. हवा फार चांगली असते म्हणतात तिकडे."